दिवेलागणीला तुटणारं वायफाय

नाजनीनचा राग नाकावर असतो, हे नेरळच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. या महिन्यात तर तो नाकावरून खाली उतरलाच नाही. कारण होतं दोन हातांत धरायचा एक छोटासा लिनक्स कॉम्प्युटर.

पुण्याच्या एका लहान कंपनीने तो तिच्याकडे धाडला होता. त्यावर दिवसभर गेम चालवायचे, चित्र, आवाज, बटणं ठीक आहेत का ते तपासायचं आणि अहवाल पाठवायचा, हे तिचं काम. महिनाभर कच्ची नोकरी, जमलं तर पक्की. अब्बा गेल्यापासून अम्मीला घरात एकटी टाकून मुंबईला जायचं तिच्या जिवावर येई. त्यामुळे हे घरबसल्या मिळालेलं काम तिला काही झालं तरी हवं होतं.

आणि मेलं ते वायफाय! दिवसातून एकदोनदा जायचं, दिवेलागणीला तर हमखास. बरं, वेळही धड एक नाही, रोज थोडी पुढेमागे सरकणारी. वरच्या खोलीत हेडफोन लावून ती कामात बुडालेली असायची आणि पडद्यावर यायचं, कनेक्शन तुटलं. पंखा फिरतोय, म्हणजे लाइट आहे. फोनही चालू, कारण तो गुपचूप सिमच्या नेटवर गेलेला. हे तिच्या ध्यानातच आलं नाही. वरच बराच वेळ खटपट करून मग तणतणत जिना उतरून यावं, तर राउटरचे दिवे साळसूदपणे लुकलुकत असायचे.

तिने करायचं काय बाकी ठेवलं? वायफायची बॅटरी वाचवायची सोय बंद केली. पासवर्ड पुन्हा टाकला. वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, बदललं. एकदा तर वैतागून अख्खी सिस्टिम नव्याने टाकली. शेवटी तिच्या वरिष्ठ, समिधा मॅडम, फोनवर म्हणाल्या, "आमच्याकडे हेच मशीन नीट चालतंय, नाजनीन. आज चाचणी सलग पूर्ण कर. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

चाचणी संपत आली होती. दिवेलागण झाली आणि वायफाय गेलं.

नाजनीनने हेडफोन भिरकावला आणि जिन्यावरून धडधडत खाली धावली. मशिदीतून मगरिबची, सूर्यास्ताची अजान येत होती. टीव्ही बंद होता. टीव्हीखालच्या बोर्डाचं बटणही बंद होतं आणि राउटरची वायर त्याच बोर्डात खोचलेली होती. अजान सुरू झाली की टीव्ही बंद, ही घरची रीत ती लहानपणापासून पाहत आली होती. हेडफोनमुळे ती अजानच महिनाभर वर पोचली नव्हती.

"अम्मी! हे बटण रोज तू बंद करतेस?"

डोक्यावर ओढणी घेऊन बसलेल्या मुनिराने वर पाहिलं. "मग काय! अजान चालली आणि टीव्ही बडबडत ठेवू? दुआ झाली की लावते ना परत."

"अगं, त्यापायी माझी नोकरी चाललीय!"

"जाते कशी? ती पक्की व्हावी म्हणून तर रोज मागतेय मी."

नाजनीनला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तिने राउटरची वायर काढून फ्रिजशेजारच्या प्लगमध्ये लावली, मॅडमना खरं काय ते कळवलं आणि उत्तराची वाट न पाहता चाचणी पहिल्यापासून सुरू केली.

मुनिरा अजून तशीच बसली होती. "आता काय करू गं?"

"आज जरा जास्त माग," नाजनीन म्हणाली.