लिन्झीकाकाची मैदानावरची रात्र

लिन्झीकाका सकाळी घरी आला तेव्हा त्याच्या मिशांवर हिंव होतं आणि तो हसत होता.

"झाली गं ग्लेनिस. अख्खी रात्र. बाक सोडला नाही."

"मोठा पराक्रम केलास. हात बघ, मेल्या मेंढीसारखे झालेत." ग्लेनिसआत्याने त्याचे बूट ओढून काढले. बोटं वळत नव्हती, चमचा धरता येईना, मग तिनेच लापशी भरवली, भावाला शिव्या देत देत.

त्याला गॅलिपोलीला जायचं होतं, तुर्कस्तानात. तिथे एप्रिलात लढाईत गेलेल्यांसाठी पहाटेची प्रार्थना असते, आणि तिला हजर राहायचं तर आदली रात्र उघड्यावर बसून काढायची, तंबू नाही, शेकोटी नाही, दारू तर नाहीच. आजोबांचा थोरला भाऊ आल्फ पहिल्या महायुद्धात आपल्या फौजेबरोबर तिथे गेला तो गेलाच, हाड सापडलं नाही, तिथल्या स्मारकाच्या भिंतीवर नुसतं नाव आहे. आमच्यातलं कुणी ते बघायलासुद्धा गेलं नाही. आजोबा मरेपर्यंत हेच म्हणत राहिले. लिन्झीकाकाला बायको नाही, पोर नाही. उरलेल्या मेंढ्या विकल्या आणि म्हणाला, आता मी जातो.

गावातली सैनिक क्लबची मंडळी जाणार होती. म्होरक्या रॉस मॅकलाऊड. तो क्लबात बियर पिता पिता म्हणाला, "म्हाताऱ्या, तुला त्या डोंगरावर खांद्यावर कोण नेणार? आधी इथे रग्बीच्या मैदानावर एक रात्र बसून दाखव, मग तुझी जागा पक्की." सगळे हसले. काका हसला नाही. दोन स्वेटर, वर रेनकोट, थर्मास घेतला आणि निघाला.

"मी येते, गाडीत बसते," आत्या म्हणाली.

"तुर्कस्तानात काय गाडी घेऊन येणारेस?"

तर लापशी खाऊन तो आडवा झाला. म्हणाला, "रॉसला कळव."

आत्याने फोन लावला. "बसला बरं का लिन्झी. अख्खी रात्र."

"कुठे बसला?" रॉस म्हणाला.

त्याला आठवतसुद्धा नव्हतं. मग आठवलं तेव्हा म्हणाला, "अगं बाई, गंमत केली होती मी! खरंच गेला तो?"

लिन्झी उठला की हे त्याला कसं सांगायचं, याचा विचार करत आत्या चहाच्या किटलीपाशी उभी राहिली. सांगावं लागलंच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, झोपेतच गेला, त्रास झाला नाही. झोपेच्या आधी किती झाला ते कुणी विचारलं नाही.

मातीला रॉसच सगळ्यात जास्त बोलला. लिन्झी म्हणजे किती चिवट माणूस, वगैरे. तोंडात जीभ होती ना, बोलला.

नंतर एका संध्याकाळी तो दारात आला. हातात बायकोने केलेल्या चीज रोलचं ताट, टोपी काखेत.

"दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. लिन्झीच्या जागेवर आमचा ग्रँट जातोय. जावई."

"त्याला किती रात्री बसवलंस बाहेर?"

"अगं, तो तरणाताठा आहे."

"आल्फचं नाव वाचेल का तो तिथे?"

"वाचेल की. आल्फ काय ना? पुढे आडनाव काय?"

आत्याने ताट घेतलं आणि दार लावलं. मागच्या दाराने अंगणात गेली आणि चीज रोल कुत्र्याच्या भांड्यात टाकले. कुत्र्याने एक हुंगला, दुसरा तोंडात धरून कुंपणाकडे नेला आणि पुरून आला.