अप्पांचा पाणक्या

"न्हाई मरत, सर! बिनधास्त चहा घ्या," असं म्हणून अप्पा मोबाईल काउंटरवर पालथा घालायचे. मालिकेत हिरोच्या अंगावर शंभर मुडदे तुटून पडलेले असायचे आणि इकडे अप्पा निवांत बशीत चहा ओतायचे!

उदगीरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं हार्डवेअरचं दुकान. मी शाळामास्तर, शाळा सुटली की तिथेच. मुडदे उठून माणसं खातात असल्या मालिका तुम्हीही बघितल्या असतील. पण खिळे तोलता तोलता त्या बघणाऱ्या माणसाशेजारी बसून नसतील बघितल्या!

"गेटाचा पत्रा बघा, सर, किती पातळ! बकरीनं ढुशी दिली तर पडंल. अन् हजार मुडदे ढकलायलेत तरी हलंना!"

एकदा तर कपाळावरचं भस्म घामाने ओघळेपर्यंत हसले. "आमच्या लिंगायतात मेलेल्याला मांडी घालून बसवून पुरतात. मी उठलो तर मांडी सोडवेपर्यंत हिरो लातूरला पोचंल!"

पण त्या मालिकेत एक म्हातारा पाणक्या होता. टोळीला पाणी आणून द्यायचा, एवढंच त्याचं काम. ना नाव, ना बंदूक. तो दिसला की अप्पांचा चहा निवायचा, गिऱ्हाईक ताटकळायचं. "हिरोला कवच हाय. ह्याला कोण हाय?" म्हणायचे. भाग संपला आणि तो जिवंत असला की दोन्ही हातांनी काउंटर बडवायचे, "म्हातारा हाय!"

शेवटचा भाग यायच्या आठवड्यात अप्पांना छातीच्या ऑपरेशनसाठी लातूरला नेलं. गाडीच्या खिडकीतून मला बजावलं, "तुम्ही बघून ठिवा. म्हातारा ऱ्हायला का, तेवढंच सांगा. हिरोचं मला ठाऊक हाय." आवाज फार बारीक होता. मला भीती वाटली.

मी बघितला. विहिरीपाशी मुडद्यांनी म्हाताऱ्याला घेरलं. आता संपला! तेवढ्यात पाण्याची टाकी कोसळली, ती नेमकी मुडद्यांवर! म्हाताऱ्याच्या हातातली बादलीसुद्धा सांडली नाही. शुद्ध थाप! आणि मी घरात एकटा टाळ्या पिटत होतो. लगेच अप्पांना फोन लावला. त्यांच्या मुलाने उचलला. "अप्पा गेले, सर," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मळ्यात अप्पांना मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर भस्म, गळ्यात हार. दुकानात बसायचे अगदी तसेच. लोक बेलपान वाहत होते. माझी पाळी आली तेव्हा मी वाकून त्यांच्या कानाशी म्हणालो, "अप्पा, म्हातारा हाय. कसा वाचला ते मात्र विचारू नका."