सामन्याच्या दिवशी सत्कार

१९८४ साली आमच्या वाशीच्या सोसायटीने एक बॅडमिंटनपटू घडवली, असं सेक्रेटरी प्रभुदेसाई अजून सांगतात. घडवली म्हणजे काय, तर लग्न, मुंज, बारसं नसेल त्या दिवशी सुमेधा ओव्हाळला हॉल वापरू दिला. पोरगी मांडवाचे खांब चुकवत खेळायला शिकली. एकेरीच खेळायची, जोडीदार उभा करायला जागा कुठे होती?

तरी ती राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. मग सोसायटीला अभिमान आवरेना. सामना दुपारी दोनला, दादरला. म्हणून सत्कार त्याच दिवशी सकाळी दहाला. प्रमुख पाहुणे साडेबाराला उगवले आणि खिलाडूवृत्तीवर तासभर बोलले. सुमेधा तीनदा उठली. प्रभुदेसाईंनी तीनदा बसवली, "बस गं, पाहुणे बोलतायत."

शाल-श्रीफळ घेऊन ती दादरला पोचली, तेव्हा पंचांनी समोरचीला विजयी जाहीर करून टाकलं होतं.

पुढच्याच आठवड्यात फळ्यावर सूचना लागली: उपविजेत्या सुमेधाचा जाहीर सत्कार. ती आली, तीच शाल घेऊन. ती प्रभुदेसाईंच्या खांद्यावर घातली आणि माईक हातात घेतला.

"बसा काका. आज दोन वाजेपर्यंत मी बोलतेय."