मी पाणबुडी झाले तेव्हा

संस्थानं देशात विलीन करण्याचं चाललं होतं, तेव्हाची गोष्ट. माझा मोठा भाऊ नागपूरला गणित शिकला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलात गेला. सुटीवर बुधवारा पेठेतल्या आमच्या घरी आला, की मला काहीबाही शिकवत बसायचा. मी शाळेत होते. समुद्र पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणजे तापी.

एका दुपारी त्याने फरशीवर खडूने समुद्र काढला. बंदराकडे जायला दोन रस्ते, एक जवळचा, एक लांबचा. "माझी मालाची जहाजं. तू पाणबुडी. मी कुठून जाणार ते ओळख आणि तिथे दडून बस."

आधी मी चुकले. मग लक्षात आलं, एकदा जहाज बुडालं की दादा पुढच्या खेपेला रस्ता बदलतो. त्यानंतर त्याला सुटकाच राहिली नाही. मला हसू यायचं. तो हसत नव्हता.

"माणूस विचार करून जातो ना, तिथंच सापडतो," तो म्हणाला. त्याने पिशवीत चिंचोके भरले, थोड्यांना चुना लावला. न बघता एक काढायचा. साधा निघाला तर जवळचा रस्ता, चुन्याचा निघाला तर लांबचा. "आता मलाच माहीत नाही, तुला कुठून कळणार?"

"पण मी नेमकी तिथेच असले तर?"

"तर ते जहाज जाणार. पण एकूण जहाजं कमी बुडतात."

"त्या जहाजावर तू असलास तर?"

तो खडूची रेघ बोटाने पुसत राहिला.

पुढे काठेवाडातल्या एका संस्थानाचा तंटा पेटला आणि नौदलाने तार करून त्याला बोलावलं. मग खबरबात नाही. आई म्हणायची, "लढाई होईल ती जमिनीवर, बेटा. तो तर पाण्यात आहे." पाण्याखाली काय असतं, हे मी तिला सांगू शकले नाही. घाटावर धुणं घेऊन गेले तरी काळ्या डोहाकडे पाठ करून बसायची.

थंडीत तो परत आला. जेवताना मी हळूच विचारलं, "पाणबुडी दिसली?"

"नव्हतीच. तिकडे कुणाकडेच नव्हती." घास हातात धरून तो थांबला. "पण लाकूड तरंगताना दिसलं तरी तीच समजून घाबरायचो. रोज."

आई भाकरी घेऊन आली. "कशाले घाबरत होता रे?"

"काही नाही, आई. वाढ."