जप्त केलेल्या फोनमधला माझा आवाज

आमच्या शाळेत मोबाइलबंदीचा ठराव मीच मांडला होता आणि तो लिहिलाही माझ्याच हातानं. वर्गात फोन किंवा गाणी ऐकायचं यंत्र सापडलं की जप्त करायचं आणि परत द्यायचं ते फक्त वडिलांच्या हातात. हेडसरांनी ‘पालक’ असा शब्द सुचवला होता. मी तो खोडून ‘वडील’ केला. आई येते, डोळ्याला पदर लावते आणि आपण विरघळतो, असं मी मीटिंगमध्ये म्हणालो. सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला.

परळीकडच्या सिरसाळ्यापासून थोडं आत असलेल्या गावातली ही माध्यमिक शाळा. मी गणित शिकवायचो. दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष होतं. शाळेची बोअर आटली होती, पोरं दप्तरात पाण्याची बाटली घेऊन यायची आणि टँकरचा हॉर्न ऐकू आला की बाहेरच्या बाजूला बसलेल्यांची चुळबुळ सुरू व्हायची. दिवाळी सरली की वर्ग निम्मा व्हायचा. आईबाप ऊसतोडीला निघाले की पोरंही त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरवर बसून जायची, कुणी सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात. हजेरी घेताना त्यांची नावं आली की मी न थांबता पुढं जायचो.

त्याच हिवाळ्यात गावच्या सोसायटीची निवडणूक लागली. पॅनलचा प्रमुख माझा सख्खा मामा. जनावरांची छावणीही सोसायटीच्या नावानं तोच चालवायचा, त्यामुळं गावात त्याचा शब्द चालत होता. मतदारांना फोन लावायचं काम माझ्याकडं आलं. मास्तर माणूस, गोड बोलतो, आणि पोरांच्या निमित्तानं प्रत्येक घर माहीत. ते काम मी वर्गात करायचो. फळ्यावर एक उदाहरण लिहायचं, ‘सोडवा’ म्हणायचं आणि खिडकीत जाऊन फोन लावायचा, कारण रेंज तिथंच यायची. कधी तासातली दहा मिनिटं, कधी निम्मा तास. पोरं गप्प बसायची. गप्प आहेत म्हणजे त्यांचं माझ्याकडं लक्ष नाही, असं मी धरून चाललो होतो.

नववीत दोन बहिणी होत्या. मोठीचं एक वर्ष आधीच उसाच्या फडात गेलेलं, म्हणून दोघी एकाच वर्गात. त्या साली आईवडिलांनी धाकट्या भावाला सांभाळायला आणि कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक करायला मोठीला बरोबर नेलं होतं. धाकटी चुलतीकडं राहून शाळेत यायची. दुसऱ्या बाकावर बसायची आणि वहीत फार नीट लिहायची. तिच्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं.

एके दिवशी फळ्याकडून वळताना तिच्या कंपासपेटीखालून बाहेर आलेली काळी वायर मला दिसली. इअरफोनची वायर. मी कंपासपेटी उचलली तर खाली साधा, बटणांचा चायना मोबाइल.

“गाणी ऐकायलीस?”

“न्हाई सर.”

“मग ही वायर कशाची हाय?”

ती उभी राहिली. मी फोन उंच धरला, सगळ्या वर्गाला दिसेल असा. म्हणालो, “आईबाप तिकडं ऊस तोडून मरायलेत आन् ही इथं गाणी ऐकायली.”

“सर, त्याच्यात गाणी न्हाईतच,” ती हळू म्हणाली.

“आता खोटं बी बोलायलीस व्हय?”

वर्ग हसला. तो हसावा म्हणूनच मी तसं बोललो होतो. ती खाली बसली आणि तासभर तिनं मान वर केली नाही. फोन मी ऑफिसच्या कपाटात ठेवला आणि खिडकीत जाऊन माझा राहिलेला फोन लावला.

तिसऱ्या दिवशी तिची चुलती शाळेत आली. छावणीवर जनावरांना पाणी दाखवून तशीच आली होती, पायाला शेणमाती लागलेली. दारातच उभी राहिली.

“सर, पोरगी जेवंना झालीय. तेवढा मोबाइल द्या.”

“नियम हाय बाई. वडिलांनाच देता येतो.”

“तिचा बाप तिकडं कारखान्यावर. त्यो कसा यील?”

“पट्टा पडल्यावर, कारखाना बंद झाला की येतीलच. तवा नेतील.”

“तवर चार म्हैने जातेत, सर.”

“मग शाळेत आणायचा न्हाई ना.”

ती मागं वळली. “तुमी शिकलेली माणसं,” एवढंच म्हणाली आणि गेली. मला वाटलं, नियम म्हणजे असा पाळावा. दुपारी शिक्षकांच्या खोलीत हा किस्सा मी चवीनं सांगितला.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली. सगळे गेले. छावणीकडं जायला मामाची जीप येणार होती म्हणून मी ऑफिसात थांबलो होतो. वेळ जात नव्हता. कपाटात तो फोन दिसला आणि ही पोरगी कसली गाणी ऐकते ते बघावं म्हणून मी चालू केला. गाणं एकही नव्हतं. नुसत्या आकड्यांच्या नावानं आवाजाच्या बऱ्याच फायली होत्या. मी एक लावली.

खडूचा आवाज आला आणि मग माझा. मी समीकरण समजावत होतो. दोन मिनिटांनी माझ्या फोनची रिंग वाजली, मी ‘सोडवा’ म्हणालो आणि माझा आवाज लांब गेला. त्यानंतर अगदी जवळून, इअरफोनच्या माइकात, श्वासासकट, त्या पोरीची कुजबुज सुरू झाली.

“आक्का, सर फोनवर हायत. तवर मी सांगते. मगाशी डावीकडचा तीन उजवीकडं नेला ना, तवा त्याचं चिन्ह बदलतंय. वहीत लिहून घे. झालं? आता पुढचं.”

मी दुसरी फाईल लावली, तिसरी लावली. सगळ्या तशाच. मराठी, विज्ञान, भूगोल, सगळ्या तासांचं तिनं थोडंथोडं भरलं होतं, पण गणिताच्या फायलींत निम्मं शिकवणं तिचंच होतं. मी खिडकीत, आणि ती बहिणीला समीकरणं शिकवत होती. एका ठिकाणी तर मी फळ्यावर केलेली चूक तिनं हळूच दुरुस्त केली होती, “सरांनी वजा लिहायचं ऱ्हायलं, तू लिही.”

लाज मला तिथंच वाटायला हवी होती. वाटली असावी, पण पुढच्या फाईलनं ती झाकून टाकली. त्यात मी कुणाला तरी सांगत होतो, “त्या उसात गेलेल्या लोकांची काळजी कावून करता? ते काय मतदानाला येत न्हाईत. त्यांच्या नावावर शिक्के मारायला आपली पोरं हायत की.” पुढं मी नावं वाचत गेलो होतो. पाचव्या की सहाव्या नावाला कुजबुज आली, “आक्का, बापूचं बी नाव घ्यायलेत सर.” बापू म्हणजे त्यांचे वडील.

मी फाईल थांबवली. पण मनात आलं ते भलतंच. ही पोरगी काय विचार करत असेल, हे आलं नाही. हा फोन समोरच्या पॅनलच्या हाती लागला तर, हे आलं. मामा आठवला, नोकरी आठवली. मी बटणं दाबत गेलो. ‘सर्व पुसायचे?’ असं विचारलं गेलं तेव्हा मी एकदा बाहेर बघितलं, मैदानात कुणी नव्हतं, आणि ‘होय’ दाबलं.

सोमवारी मी चुलतीला बोलावून घेतलं आणि मोठ्या मनाचा आव आणून फोन तिच्या हातात दिला. म्हणालो, “जाऊ द्या, एक डाव माफ.” तिनं हात जोडले. मधल्या सुट्टीत पोरगी ऑफिसात आली.

“सर, ह्यातलं समदं गेलंय.”

“जुनं मेमरी कार्ड असंल. होतंय तसं. काय होतं त्यात?”

मला माहीत असलेलं तिनं मला सगळं समजावून सांगितलं. ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ड्रायव्हर पंधरा-वीस दिवसांनी गावाकडं फेरी मारतो. त्याच्याजवळ ती कार्ड देते, तो रिकामं कार्ड परत आणतो. आक्का तिकडं बापूच्या फोनात कार्ड टाकून भाकरी करता करता ऐकते. आक्काला परीक्षा बुडवायची नाही. हे ती सांगत होती आणि मी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून मान हलवत होतो. शेवटी म्हणालो, “लई हुशार हाईस.” त्या वाक्याची मला आजही सगळ्यात जास्त शरम वाटते.

“आता काय पाठवू सर?” तिनं विचारलं.

“बघू,” मी म्हणालो. बघितलं काहीच नाही.

त्या दिवसापासून माझा फोन मी ऑफिसात ठेवून वर्गात जाऊ लागलो. त्यात चांगुलपणा नव्हता, भीती होती. तिनं मात्र पुन्हा फोन शाळेत आणला नाही. मामाचं पॅनल निवडून आलं. उसात गेलेल्यांच्या नावांवर शिक्के पडले आणि गुलाल माझ्याही अंगावर पडला.

पट्टा पडल्यावर माणसं परतली. वडील मोठ्या पोरीला घेऊन शाळेत आले. हातांना घट्टे, तळव्यांत काळ्या भेगा. “सर, हिचं लई ऱ्हायलंय. पोरीकडं ध्यान असू द्या,” म्हणाले आणि वाकून नमस्कार केला. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघू शकलो नाही. परीक्षेपर्यंत रोज शाळा सुटल्यावर मी तिला तासभर शिकवलं. ती काठावर पास झाली. धाकटी वर्गात दुसरी आली. पण पुढच्या दिवाळीला मोठी पुन्हा ट्रॅक्टरवर बसली आणि दहावीचं वर्ष तिनं पुरं केलंच नाही. तिचं लग्न झालं. मी फायली पुसल्या नसत्या तर ती शिकली असती, असं मी म्हणणार नाही. आमच्या भागात अशा कितीतरी पोरी दरवर्षी शाळेतून सुटून जातात. पण या हिशेबाआड लपायचा मला हक्क नाही, कारण त्यांच्यातल्या एकीचे धडे मी स्वतः पुसलेत.

बऱ्याच वर्षांनी परळीच्या बसस्टँडवर ती मोठी बहीण मला भेटली. कडेवर पोर, बरोबर सासू. तिनंच ओळख दिली. सासू पाणी आणायला गेली तेव्हा मी बोलून टाकलं. कार्ड खराब झालं नव्हतं, मी पुसलं, आणि का पुसलं तेही. ती पोराचं नाक पुसत ऐकत राहिली.

“माहीत हाय सर,” ती म्हणाली. “त्याच्या आधीचं एक कार्ड आलतं आमच्याकडं. त्याच्यात बी तुमी मतांचंच बोलत होता. बापूनं ऐकलं.”

“काय म्हणाले?”

“काय न्हाई. बंद कर म्हणाले. मास्तर हायत, बोलू नकू कुणाला म्हणाले.”

म्हणजे शाळेत येऊन माझ्यापुढं वाकले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, “बापू कसे हायत?” ती म्हणाली, “गेले, दोन वर्षं झाली.” तिची गाडी लागली होती. सासूनं हाक मारली. “येते सर,” म्हणून ती गेली.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत पुन्हा मोबाइलची मीटिंग झाली. आता पोरांकडं मोठ्या पडद्याचे फोन आहेत, वर्गात चोरून काय काय बघतात, आणि त्यावर बंधन हवं असं माझंही मत आहे. ते मी सांगितलं. मग म्हणालो, आधी शिक्षकांचे फोन ऑफिसात जमा होऊ द्या, आणि पोराकडून फोन घेतलात तर तो कशासाठी आणला ते त्याला बसवून विचारा. एका तरुण सरांनी हसून विचारलं, “सर, तुमीच एवढे कडक होता ना?” तेव्हा मी ही सगळी हकिकत त्यांना सांगितली, काही न वगळता.  आताच्या हेडबाईंनी ठरावात शिक्षकांच्या फोनचं कलम घातलं आणि मीटिंग संपली. चहा आला. ते तरुण सर माझ्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडं जाऊन बसले. मी चहा घेतला आणि सातवा तास होता म्हणून वर्गावर गेलो.