मशीनगन माझ्या नावावर होती

माझ्या छातीवरचं शौर्यपदक दुसऱ्याचं आहे. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

पलटणीत हलक्या मशीनगनवर दोन गडी असतात. एक नंबर गोळ्या झाडतो, दोन नंबर मॅगझिन भरून देतो. एक नंबर मी. दोन नंबर गडचिरोलीचा, धानोऱ्याच्या पुढचा. मी चंद्रपूरकडचा, म्हणून आमची जोडी जमली. सीमेवरच्या त्या टेकडीवर फायर सुरू झाला आणि मी घाबरून डोकं खाली घातलं. खडकाला चिकटून राहिलो, एकही गोळी झाडली नाही. त्यानं मला बाजूला ढकललं, मशीनगन घेतली आणि समोरच्यांना एकट्यानं थोपवून धरलं. मग त्याला गोळी लागली आणि तो जागीच गेला. मी मशीनगन उचलली तोवर समोरचे मागे हटले होते. आमची कुमक आली ती नेमकी तेव्हा.

साहेबांनी फारसं विचारलंच नाही. मशीनगन ज्याच्या नावावर, पराक्रम त्याचा. मी मूग गिळून बसलो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच.

पेन्शनीत निघाल्यावर पदकाच्या जोरावर कोळसा खाणीवर पहारेकऱ्याची नोकरी लागली. दर पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत सत्कार होतो. यंदा माझ्या त्या दोन नंबरची म्हातारी आई एसटी बदलत बदलत तिथं आली आणि मला मांडवाबाहेर घेऊन गेली.

"बाबू, तुले मेडल भेटलं, माह्या पोराले काऊन नाई? गावात म्हणतात, भेऊन पळून राह्यला होता, तवा गोळी लागली. खरं सांग मले."

"नाई माय. तो नाई भेला."

"मंग माईकवर सांग. माह्या गावचे दोघं आले हायेत आयकाले."

माईकसमोर उभा राहिलो. भेलो होतो मी, एवढंच म्हणायचं होतं. पहिल्या रांगेत बायको नवं लुगडं नेसून बसली होती. मी म्हणालो, "तो शूर होता. माझ्या खांद्याला खांदा लावून लढला." किती सफाईनं बोललो मी! माझीच मला किळस आली.

म्हातारी मंचावर आली आणि सरळ माझ्या पायांवर वाकली. "तुह्यामुळे माह्या पोराची लाज राह्यली, बाबू."

विंचू चावल्यासारखा मी मागे सरलो. लोकांना तो माझा विनय वाटला. बराच वेळ टाळ्या वाजत होत्या.