लाल अक्षरांची वाइन-यादी

छापखान्याच्या माडीवर, खिडकीशी जिचं टेबल होतं, तिला सगळे ब्रशबाई म्हणत. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या शिडीखाली रंगाचे डबे धरून उभं राहता राहता तिचा हात बसला, आणि पुढे ती छापखान्यात साबणाची वेष्टनं नि हॉटेलांची मेनूकार्डं काढायला लागली. पंधरा वर्षं झाली, तरी नवं काम आलं की स्वारी पहिल्या दिवसासारखीच खूश. एक पेन्सिल तोंडात, एक केसांत, आणि तिसरी सापडत नाही म्हणून सगळी माडी डोक्यावर!

एकदा चौकातल्या मोठ्या हॉटेलचे मॅनेजर स्वतः जिना चढून आले.

"बाई, आमची वाइनची यादी कोर्टाच्या समन्ससारखी दिसते हो," ते म्हणाले. "लोक उघडतात, घाबरतात, आणि पाणी मागवून मोकळे होतात. नावं उच्चारायची कशी, इथूनच त्यांची पंचाईत!"

ब्रशबाईने काम घेतलं खरं. पण वाइन कशाशी खातात तेही तिला ठाऊक नव्हतं. घरी सासूबाईंनी नाक मुरडलं. "चहा कडक झाला तर तुझं डोकं चढतं. तू काय कपाळ वाइन रंगवणार?"

तेव्हा तिने हॉटेलच्या हेडवेटरला गाठलं. उंच, टकलू, तीस वर्षं त्याच हॉलमध्ये वाढपाचं काम केलेला माणूस. दुपारी हॉल रिकामा असताना तो नॅपकिनांच्या घड्या घालायचा आणि ही शेजारी वही घेऊन बसायची.

"ही पांढरी आहे ना," तो सांगायचा, "ती फार स्पष्टवक्ती. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायला लावते. दुसऱ्या घोटाला वाटतं, बोलली ते खरंच होतं."

"अगंबाई! या तर आमच्या सासूबाई!" असं म्हणत तिने झरझर चित्र काढलंसुद्धा. नाक वर, काखेत छत्री.

मग काय, गाडी सुसाट निघाली. जड, गडद लाल वाइन म्हणजे जेवणानंतर आरामखुर्चीत पेंगणारे छापखान्याचे मालक. फसफसणारी म्हणजे दोरीवरच्या उड्या मारणारी भाची. चौदा वाइन, चौदा माणसं. चित्रं काळी ठेवली आणि नावं लाल.

"नावंही काळीच राहू देत की," मालक म्हणाले.

"काळी केली की पुन्हा समन्स!" ब्रशबाई काही ऐकेना. शेवटी मालकांनी हात टेकले, आणि जाड, सायीच्या रंगाच्या कागदावर दोनशे प्रती छापून निघाल्या.

नवी यादी टेबलांवर मांडायची त्या संध्याकाळी मॅनेजरांनी ब्रशबाईला बोलावलं. सासूबाईही हट्टाने बरोबर आल्या. दोघी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. इतक्यात दिवे लागले. समारंभ म्हणून मॅनेजरांनी दिव्यांना लाल रेशमी शेड घातल्या होत्या. सगळा हॉल गुलाबासारखा खुलला, आणि यादीतली लाल अक्षरं त्या लाल उजेडात पार नाहीशी झाली! कागदावर उरली फक्त माणसं.

ब्रशबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मॅनेजर लगबगीने आले. "बाई, नावं कुठे गेली?"

ती काही बोलणार, तोच पलीकडच्या टेबलावरचा एक गलेलठ्ठ गृहस्थ गरजला, "वेटर! ही छत्रीवाली आणा बघू!"

"आम्हाला ती उडी मारणारी!" दुसरीकडून आवाज आला. पाहता पाहता सगळा हॉल बोट ठेवून मागवायला लागला. नाव उच्चारायची भीतीच उरली नव्हती. हेडवेटर मिशीत हसत नुसता पळत होता.

"आणखी एक छत्रीवाली आजी!" कुणीतरी ओरडलं. सासूबाईंनी चष्मा लावला आणि यादी डोळ्यांजवळ नेली. ब्रशबाईने मान खाली घातली.

"माझं नाक एवढं मोठं आहे?"

"छापताना जरा... पसरलं, आई."

"हं. आणि खप कुणाचा जास्त आहे?"

"तुमचाच."

"मग असू दे," म्हणून सासूबाई ताठ बसल्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी छत्री त्यांनी टेबलावर ठेवली.

मॅनेजर तर हवेतच होते. "बाई, काय डोकं चालवलंत!"

"डोकं कसलं? चुकलं माझं," ब्रशबाई म्हणाली. "खिडकीतल्या उजेडात यादी काढली. इथे येऊन, दिवे लावून बघायला हवी होती. आज निभावलं, पण उद्या एखाद्याला नाव वाचायचं असलं तर?" दुसऱ्या आवृत्तीत तिने नावं गडद निळी केली. छपाईआधी नमुना त्याच शेडखाली धरला आणि अक्षर न् अक्षर वाचून पाहिलं.

त्या यादीचा बोलबाला झाला आणि कामांची रीघ लागली. पुढच्याच महिन्यात एका आगबोटीच्या कंपनीने न्याहारीचं मेनूकार्ड मागितलं. ब्रशबाईने पहिला प्रश्न विचारला, "टेबल किती हलतं?" कुणालाच सांगता येईना. तेव्हा ती स्वतःच बोटीवर चढली. दिवसभर बोट हेलकावे खात होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण एका हाताने कठडा धरून ती दुसऱ्या हाताने वेगवेगळ्या मापांची अक्षरं प्रवाशांपुढे नाचवत होती आणि विचारत होती, "हे वाचता येतं? आणि हे?"